देवपूरच्या आत्याने निवडलेला गणवेश

आज जूनचा पहिला रविवार. लेकीच्या कोऱ्या गणवेशाला इस्त्री फिरवताना खळीचा वास आला आणि धुळ्याचं ते कापडाचं दुकान आठवलं. हजर होते: आई, देवपूरची आत्या, दुकानदार शेठजी आणि पाचवीत जाणारी मी.

शाळेला स्कर्ट आणि पंजाबी ड्रेस दोन्ही चालायचे. मला स्कर्ट हवा होता. आत्याने तो बाजूला भिरकावला.

“वहिनी, पोरगी माझ्या घरी राहणार. उघडे पाय घेऊन माझ्या दारातून जायची नाही.”

“दहा वर्षांची आहे ती, अक्का.”

“मग ठेवा तुमच्या खेड्यात. चौथीपुढे शाळा आहे का तिथे? शेठजी, ड्रेस वाढत्या अंगाचा द्या, सातवीपर्यंत पुरला पाहिजे.”

“दोन्ही बांधू का, ताई?” शेठजींनी विचारलं. दोघींनी असं पाहिलं की ते ड्रेस आणायला आत गेले.

आईने ओढणी माझ्या खांद्यावर टाकून पिन लावली. आई आत्याला घाबरली, म्हणून मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. गप्प ऐकून घेऊन ती माझी शाळा वाचवत होती, हे आता कळतं.

आत्या हल्ली फार थकली आहे, सगळे म्हणतात जाऊन ये. गेले की आत्याला सांगायचं आहे, आईची माफी माग. ते काम अजून बाकी आहे.