ठिवा म्हणेपर्यंत

आमचे वस्ताद हातातली कोणतीही वस्तू कुणी ‘ठिवा’ म्हटल्याशिवाय खाली ठेवत नसत. चहाचा रिकामा कप असो, पाण्याची घागर असो नाहीतर सोयाबीनचं पोतं असो, धरून उभेच. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारं विसरलं. आमच्या कुरुंदा गावात मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची बायको, आमची गंगामावशी, स्वयंपाकघरातून मान वर न करता ओरडायची, “ठिवा!” तेव्हा कुठं कप खाली यायचा, तोही आवाज न करता.

मी त्यांच्या तालमीतली पहिली पोरगी. वजन उचलायला पोरगी आली म्हणून गावानं नाकं मुरडली. वस्तादांनी माझं मनगट दाबून पाहिलं आणि बापाला म्हणाले, “हाडाची हाय. पण तोंड लई चालून राह्यलं हिचं.” तोंड अजूनही चालतं, त्याला इलाज नाही. पण लोखंडी बार डोक्यावर गेला की श्वासाशिवाय काही ऐकू यायला नको, हा तालमीचा कायदा होता. कुणी जोशात येऊन ‘शाब्बास’ म्हटलं तरी वस्ताद त्याला हाकलून द्यायचे. “वजन वर नेणं आर्धं काम,” म्हणायचे. “पंच खाली घ्या म्हणंस्तोवर धरून ऱ्हाणं, ते बाकीचं आर्धं. माझं बाकीचं आर्धं ऱ्हायलं.”

ते कसं राहिलं, ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तरुणपणी वस्ताद राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुषांच्या वेटलिफ्टिंगमध्ये उतरले होते. परदेश, कोट घातलेले पंच, अनेक देशांचे झेंडे, आणि त्यात हळदीच्या शेतातून गेलेला आमचा माणूस. शेवटचा प्रयत्न होता. वजन वर गेलं, कोपरं ताठ झाली, पाय एका रेषेत आले. आता भोंगा वाजेपर्यंत नुसतं स्थिर राहायचं. पंचांचे पांढरे दिवे लागले की कांस्यपदक आपलं. भोंगा वाजलाच नाही. त्याआधीच वस्तादांनी बार खाली आणला. सावकाश, अगदी प्रेमानं. तिन्ही दिवे लाल लागले.

काहून आणला, तर कुणीतरी ‘जय’ म्हणालं म्हणून. आमच्या गावात हनुमान जयंतीला मारुतीपुढचा दगडी गोटा डोक्यावर उचलायची रीत आहे. गोटा वर गेला की पुजारी म्हणतो, “बोल बजरंगबली की,” आणि सगळा गाव ‘जय’ म्हणतो. त्या ‘जय’वर गोटा खाली घ्यायचा, तोही न आपटता, कारण गोटा देवाचा. वस्ताद मिसरूड फुटल्यापासून दरसाल तो उचलत आलेले. “तिथंबी आपल्याच कुणीतरी जयकारा केला,” ते सांगायचे. “मराठीच व्हता. म्या बराबर ऐकला. त्याला शिव्या नका दिऊ रे, चांगल्यापोटीच वरडला त्यो.” मी मात्र त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरायची.

त्यानंतर खेळाडू म्हणून मिळालेली नोकरी सोडून ते गावी परतले, ते पुन्हा कधी स्पर्धेत उतरले नाहीत. हनुमान जयंतीला सकाळीच कानाला उपरणं गुंडाळून शेतात जाऊन बसायचे. वसमतच्या बाजारात हळद घेऊन गेले की टवाळ हमाल त्यांची गंमत बघायचे. पोतं त्यांच्या पाठीवर द्यायचं आणि ‘ठिवा’ म्हणायचंच नाही. एकदा मावशीनं ते पाहिलं. घामानं न्हालेला नवरा ओझं घेऊन थरथरतोय आणि चार बापे दात काढतायत. मावशी पदर खोचून अशी काही बरसली, की ते हमाल पुढं तिला बघूनच वाट बदलायचे.

मोबाइलवर सगळंच सापडायला लागलं, तेव्हा एक दिवस मला त्या स्पर्धेचा व्हिडिओ सापडला. अहाहा, काय आनंद झाला म्हणून सांगू! धावतच वस्तादांकडं गेले. म्हटलं, “आज त्या वरडणाऱ्या मेल्याला हुडकूनच काढते!” दोघांनी एकेक इयरफोन कानात घातला. कोवळे, काळ्याभोर मिशांचे वस्ताद पडद्यावर आले. बार वर गेला. सभागृह चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत बार खाली आला.

कुणीच ओरडलं नव्हतं.

“परत लाव,” वस्ताद म्हणाले. परत लावला. मग आणखी एकदा. शेवटी त्यांनी कानातून वायर काढली आणि माझ्याकडं बघत राहिले. “मंग कोन वरडलं, पोरी?”

जन्मभर ते एका अनोळखी माणसाला माफ करत आले होते. आता माफ करायलाही कुणी उरलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांचा आवाजावरचा विश्वासच उडाला. मी ‘ठिवा’ म्हटलं तर विचारायचे, “खरंच म्हणली का तू?” हो म्हटलं तरी हलायचे नाहीत. मावशी समोर येऊन, तोंडाकडं बघून म्हणाली, तरच हातातलं खाली यायचं. कधी कधी रिकामेच हात वर धरून अंगणात उभे असायचे. बघवायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ भरला. नांदेडच्या दवाखान्यात नेलं. शुद्ध येत-जात होती. पण दोन्ही हात डोक्यामागं नेऊन त्यांनी खाटेचा लोखंडी दांडा जो पकडला, तो सुटेना. कोपरं ताठ. नर्सबाई म्हणाल्या, “बाबा, सोडा.” मी म्हटलं, “वस्ताद, ठिवा.” नजर माझ्या आरपार गेली. डॉक्टरांनी मावशीला बाजूला घेऊन सांगितलं, की आता फार वेळ नाही. मग आम्ही सगळे मावशीकडं बघायला लागलो.

“म्या न्हाई म्हणायची,” ती म्हणाली. “म्या म्हणलं की जातंय हे माणूस. धरू द्या त्याला.”

कुणाची हिंमत होती तिला समजवायची? दुपार कलली. वस्तादांचे दंड थरथरायला लागले, ओठ निळे पडले, तरी पकड तशीच. मावशी हे बघत होती. एकाएकी उठली, ओल्या बोळ्यानं त्यांचे ओठ पुसले आणि त्यांना नीट दिसेल अशी समोर उभी राहिली.

“अवो,” ती म्हणाली, “तिन्ही दिवे पांढरे लागलेत. म्या बघितले. ठिवा आता.”

त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. एकेक बोट सुटत गेलं आणि हात खाली आले, सावकाश, न आपटता.

मावशी तशीच उभी होती. तिला ‘बस’ म्हणायचंही आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.