दुसऱ्याच्या हातची माळ

तमाम भक्तजनांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, माझ्या उजव्या अंगठ्याने देवाची नोकरी सोडली आहे. राजीनामा नाही, नोटीस नाही. एका सकाळी जपमाळ हातात घेतली आणि मणी पुढे सरकेना. मग पायही ओढू लागला. डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस सांगितला. यात मेंदूतल्या नसांवरचं आवरण झिजतं आणि हुकूम वाटेतच हरवतात. वीस वर्षं जप केल्याचा मला केवढा तोरा! डाव्या हाताने माळ ओढायला मन धजेना. वाटलं, देवाने मला नको म्हटलं.

सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात मेंदूला चुंबकाचे ठोके द्यायचे उपचार सुरू झाले. "खात्री देत नाही, प्रयत्न करू," डॉक्टर म्हणाले. ते नेमकी जागा शोधत होते, डोक्याशी टकटक चालली होती, आणि अंगठा टुणकन उडाला. मी हलवला नव्हता. मला रडू फुटलं. मशीन थांबलं, तसा तोही थांबला.

बाहेर बाकावर एक मामा बसत. चादरीच्या कारखान्यात माग दुरुस्त करायचे. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली होती. त्यांनाही हेच ठोके. मामी म्हणाल्या, "आधी लई बडबडायचे. मी म्हणायची, गप बसा की ओ! देवानं नेमकं माझंच ऐकलं." हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

एकदा माझी माळ मांडीवरून घसरली. मामांनी उचलली, पण परत दिली नाही. स्वतःच्या अंगठ्याने एक मणी सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "राम." दुसरा मणी. "राम." त्या दिवसापासून हात त्यांचा, जीभ माझी.

उपचार संपले. पाय थोडा सुधारला, अंगठा नाही. मामा दुसऱ्या झटक्यात गेले. मी मामींना भेटायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "सात महिन्यांत एकदाच बोलले. ते बी तुमाला. मला न्हाय."

आता माळेशिवाय नाम घेते. इतकी वर्षं वाटायचं, जप मी करते. कुणीतरी करवून घेतं, हे कळायला अंगठा द्यावा लागला. ज्याने मामांना माझ्या बाकावर बसवलं, त्याचे उपकार कसे फेडू?

त्या एकदाच्या बोलण्याचं असं झालं. मी नेहमीच्या घाईत नाम घेत सुटले होते. मी पुढे, मणी मागे. मामांचे ओठ थरथरले, चेहरा लाल झाला. मामींच्या हातातला डबा खाली पडला, कारण अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असे मामा ओरडले,

"हळू की ओ, बाई!"