तेलावर रुसलेला गुडघा

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. आखाड्यातल्या मारुतीला नारळ फोडायचो तोसुद्धा शिस्त म्हणून. पण माझ्याबद्दल एक चुकीची गोष्ट बडोद्यात फिरते आहे, आणि आता वय झालंय... ती दुरुस्त करायची राहून जायला नको, म्हणून लिहितो.

आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. मी दिवसा कारखान्यात नोकरी करायचो आणि संध्याकाळी शहरातल्या जुन्या आखाड्यात मुलामुलींना मल्लखांब शिकवायचो. पाय मुरगळला, खांदा उतरला, की लोक डॉक्टरआधी माझ्याकडे यायचे. चोळायचं तेल मी स्वतः कढवायचो – तिळाचं, ओवा आणि लसूण घालून.

घरोघरी केबल येत होती तो काळ. दोराच्या मल्लखांबावर अपर्णा नावाची मुलगी होती, अकरा वर्षांची, कारेलीबागेत राहणारी. दोराला पायाची पकड घालताना डावा गुडघा दुखतो म्हणाली. गुडघ्याच्या जरा वर सूज होती. तिची आई, सुमनवहिनी, शेजारी बसली होती. मी तेल लावलं आणि... तेल बसेना.

नीट सांगतो. सगळीकडे तेल चकाकत होतं आणि मधे रुपयाएवढी जागा कोरडी. त्या जागेवर तेल सोडलं की ते कडेला सरकायचं, आतून कुणी फुंकर मारल्यासारखं. पुसलं, पुन्हा लावलं – तेच. उजव्या पायावर मात्र तेच तेल नीट पसरलं.

"वस्ताद, माझा गुडघा तेलावर रुसलाय!" अपर्णा म्हणाली.

दोराजवळची पोरं खिदळली. मीही हसलो. खरं तर माझ्या अंगावर काटा आला होता. पण पोरांसमोर वस्तादाने घाबरायचं कसं? मी अंगठा रोवून आणखी जोरात चोळलं. पोरगी ओठ चावून बसून राहिली.

वहिनींनी विचारलं, "वस्ताद, एकदा पायाचा फोटो काढून आणू का?" एक्स-रेला आमच्याकडे फोटोच म्हणतात.

"फोटो तिच्या लग्नात काढा, वहिनी," मी म्हणालो. "आठवड्यात दोरावर चढते की नाही बघा!"

नाही चढली. मी मात्र दोन महिने तो पाय चोळत राहिलो. ती जागा दर वेळी कोरडी राहायची, आणि दर वेळी मी ती तळव्याखाली झाकायचो.

दुखण्याने तिची झोप उडाली, सूज दगडासारखी लागायला लागली, तेव्हा वहिनी मला न विचारता तिला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. फोटोत मांडीच्या हाडाचं खालचं टोक कुरतडल्यासारखं दिसत होतं. तुकडा काढून तपासला – हाडाचा कॅन्सर. "अशा गाठीला चोळलं कुणी?" सर्जन विचारत होते. कळल्यावर मीही तिथे गेलो होतो; मागे उभा राहून हात खिशात घातले. पाय मांडीतून काढावा लागला. तरी उशीर झाला होता, फुप्फुसापर्यंत पोचलं होतं. वर्षभरात अपर्णा गेली.

तेराव्याला वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मीच उशीर केला हो."

मी समोरच होतो. म्हणालो, "नशीब, वहिनी." एवढंच.

मधे बरीच वर्षं गेली. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आले. छाणीचा एक वर्कशॉपवाला आपल्या मुलीला, हेतलला, घेऊन आला. "खाली मचकोड छे, उस्ताद. जरा जोई आपो ने." नुसतं मुरगळलंय, असं त्याचं म्हणणं. मी गुडघ्याखाली तेल सोडलं... आणि ते सरकलं. मधे कोरडी जागा.

माझा हात वरच्यावर थांबला.

"फोटो काढायला न्या हिला," मी म्हणालो.

"काले लई जईश, उस्ताद. आजे तो बस थोडी मालिश—"

"काले नहीं! हमणां ने हमणां!" उद्या नाही, आत्ताच्या आत्ता, असं मी इतक्या जोरात ओरडलो की पोर रडायला लागली.

गाठ लवकर सापडली. आधी केमो दिली, मग सर्जननी गाठीसकट हाड काढून तिथे धातूचा सांधा बसवला. पाय वाचला, मुलगीही वाचली. पुढे तिच्या लग्नात तिने मला ओढत नेऊन फोटोत उभं केलं.

वस्तादांच्या हाताला कॅन्सर कळतो, अशी बातमी पसरली. आखाड्याने शाल-नारळ दिला. मी घेतला! वास्तविक माझ्या हाताला कधीच काही कळलं नव्हतं. हेतलच्या सर्जनना मी तेलाचं सांगितलं होतं. ते म्हणाले, "गाठीवरची कातडी ताणते, गरम लागते, चकाकते. पण तेल धरत नाही असं मी तरी पाहिलेलं नाही."

गेल्या दिवाळीनंतर मी हरणीला गेलो. सुमनवहिनी तिथे मुलाकडे असतात. त्यांना सगळं सांगितलं – सरकणारं तेल, माझं हसणं, झाकलेली जागा. म्हणालो, "उशीर तुम्ही नाही केला, वहिनी. मी केला."

त्या भाजीसाठी वालपापडी सोलत होत्या. सोलतच राहिल्या.

"घरी आल्यावर पाय मीच पुसायचे," शेवटी त्या म्हणाल्या. "सगळीकडचं तेल टॉवेलला लागायचं. तेवढी जागा कोरडी. वाटायचं, वस्तादांचा हात असतो ना तिथे, त्यांना दिसलं असणारच... ते बोलत नाहीत, म्हणजे काही नसेल."

त्यांनी पापडीचं ताट माझ्याकडे सरकवलं. मीही सोलायला लागलो.

तेल का सरकलं, हे मला अजून समजलेलं नाही. ती जागा आम्हा तिघांना दिसली होती. मोठ्याने बोलली फक्त अपर्णा. आणि आम्ही हसलो.