तांब्याभर पाणी

पद्मिनीबाईंना टेक्सासमधल्या अर्विंगला मुलाकडे येऊन चार महिने झाले होते आणि त्या घरात त्यांना करण्यासारखं एकही काम नव्हतं. भांडी मशीन घासायचं, केर आपोआप चालणारी एक चकती काढत फिरायची. पोळ्या पटेल स्टोअरमधून यायच्या. पोळीसारख्याच दिसायच्या, त्यामुळे बोलायलाही जागा नव्हती. वीज मंडळाच्या नागपूरच्या तक्रार खिडकीवर उभी हयात घालवलेली ही बाई. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं, भांडायचं आणि घरी येऊन पुन्हा स्वयंपाकाला लागायचं, अशी सवय. इथे त्या काही करायला उठल्या, की सून शुभा धावत यायची. “आई, तुम्ही बसा ना. आराम करा.” मुलगा परीक्षित म्हणायचा, “आई, चिल कर.” आराम करून करून त्यांचे गुडघे दुखायला लागले.

घरात एक गोष्ट मात्र अशी होती, की जिच्यासाठी शुभा स्वतः राबायची. दिवाणखान्यातली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणि त्यातला शिंपला. आपल्याकडे बाजारात मिळतो तसला नव्हे. दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढा, आणि उघडला की आतून गर्द निळी, ठिपक्याठिपक्यांची झालर बाहेर यायची. शुभा नागपूरचीच, म्हणजे समुद्राशी संबंध सहलीपुरता. टेक्सासमध्ये येऊन तिने घरातच समुद्र थाटला होता. मित्रमंडळी आली की कोणीतरी हमखास विचारायचं, “यार, याचा रस्सा कधी?” शुभाला ते मुळीच आवडायचं नाही.

“हा खातो काय?” पद्मिनीबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

“मुख्य म्हणजे उजेड. वरचा लाइट स्ट्राँग लागतो. आणि पाणी स्टेबल लागतं. मीठ कमी-जास्त झालं की आजारी पडतो.”

“आणि करतो काय?”

“उघडतो आणि मिटतो,” शुभा म्हणाली. सावली पडली की मिटतो, तो चटकन मिटला म्हणजे तब्येत ठणठणीत.

पद्मिनीबाई मग येताजाता टाकीवर हात फिरवून बघायच्या. शिंपला मिटायचा. त्या घरात आपल्या असण्याची दखल ताबडतोब घेणारा तो एकटाच, असं त्यांना वाटायचं.

आणि मग शुभाला कामासाठी दोन आठवडे शिकागोला जावं लागलं. परीक्षितवर तिचा काडीचा भरवसा नव्हता. निघायच्या गडबडीत ती म्हणाली, “आई, एक काम कराल? टाकीतलं पाणी उडतं, पण मीठ उडत नाही. म्हणून रोज साधं पाणी घालायचं. नळाचं नाही हं, त्या कॅनमधलं. सकाळी एक तांब्या, काचेवर पट्टी लावलीय तिथपर्यंत.”

पद्मिनीबाईंना इतका आनंद झाला, की तो लपवायला त्यांना स्वयंपाकघरात जावं लागलं. हे घर शेवटी काहीतरी त्यांच्या हवाली करत होतं.

ओट्यावर स्टीलचा तांब्या होता. शुभाच्या डोक्यात तोच होता. पण पद्मिनीबाईंनी नागपूरहून स्वतःचा तांब्याचा तांब्या आणला होता. रात्री भरून ठेवायचा आणि सकाळी प्यायचं, हा त्यांचा पस्तिशीपासूनचा नेम. शुभाने जिवापाड जपलेल्या प्राण्याला स्टीलमधलं पाणी कशाला? त्यांनी तांब्या चिंचेने लखलखीत घासला, कॅनमधल्या पाण्याने भरून रात्रभर ठेवला आणि सकाळी पट्टीपर्यंत ओतला. मग रोज तेच. स्वतः मात्र त्या स्टीलमधलं पाणी प्यायल्या.

आठवड्याभरात टाकीत काचेवरचं शेवाळ खात फिरणाऱ्या छोट्या गोगलगायी खाली वाळूत पडलेल्या दिसू लागल्या. मग शिंपल्याची झालर आखडली. पद्मिनीबाईंनी हात फिरवला, तर तो मिटायचा, पण सावकाश, उपचार म्हणून. पुढे तेवढाही मिटेना. अर्धवट उघडा, तसाच. “अरे, शुभाला कळव,” त्या परीक्षितला म्हणाल्या. तो म्हणाला, “अगं, मूड असतो त्यांचा पण.” त्यांनी स्वतः फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. एकच काम मिळालं होतं, तेही धड जमलं नाही, हे सांगायला जीभ रेटेना. याचा पुढे त्यांना फार पश्चात्ताप झाला.

शुभा परत आली ती बॅग दारातच टाकून टाकीपाशी गेली. शेजारच्या स्टुलावर तांब्या होता. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तो उचलून स्वयंपाकघरात ठेवला. दिवसभर पाणी बदलणं चाललं होतं. फिल्टरमध्ये तिने पाण्यातलं नको ते शोषून घेणारी, पांढऱ्या कापसासारखी जाड गादी घातली. दुसऱ्या दिवशी पद्मिनीबाईंनी ती पाहिली. तिच्यावर हिरवट निळी छटा चढली होती.

तो रंग ओळखायला त्यांना कोणाची गरज नव्हती. तांब्यापितळेत ताक ठेवलं, लोणचं ठेवलं, की असंच होतं. कळकतं. खारट-आंबट म्हणून तांब्यात ठेवायचं नाही, हे त्या लग्नाआधीपासून जाणत होत्या. त्यांनी तर निव्वळ गोडं पाणी ठेवलं होतं. पण रात्रभरात त्यातही थोडं तांबं उतरलं होतं; माणसाला ते चालतं, या समुद्रातल्या जिवांना नाही, आणि त्यांनी घासूनपुसून रोज विष घातलं होतं. 

“शुभा, माझ्यामुळे झालं ना?”

“नाही हो आई. लाइटचा प्रॉब्लेम होता. डोंट वरी.” आवाज लोण्यासारखा मऊ.

शनिवारी टाकीला आपोआप पाणी घालणारा पंप बसला. “आता तुम्हालाही त्रास नको,” शुभा हसून म्हणाली. त्याच दुपारी शिंपल्याची झालर बोटभर बाहेर आली. आधीपेक्षा फिकी होती, पण होती. शुभाने सुटकेचा निःश्वास टाकला. पद्मिनीबाईंना हायसं वाटलं आणि लगेच राग आला.

“पाणी कळकलं होतं. मी पाहिली ती गादी,” त्या म्हणाल्या. “लाइटचं मला नको सांगू. असं गोड खोटं पाहुण्यांशी बोलतात. मी पाहुणी आहे का गं इथे?”

“आई, तसं नाही… तांब्या मीच म्हणाले ना.”

“तू म्हणालीस ते ठीक. पण वापरला कोणी? बिघडलेलं दिसत होतं, तरी फोन केला नाही तो कोणी? माझ्या सासूने असल्या चुकीला घर डोक्यावर घेतलं असतं. बोल की काहीतरी!”

 शुभाचे डोळे भरून आले आणि आवाज चढला. “एक फोन, आई! एक फोन करता येत नव्हता? सहा वर्षं सांभाळलाय मी त्याला! आणि मला न विचारता माझ्या वस्तूंत स्वतःचं डोकं चालवायचं नाही, सांगून ठेवते!”

आतल्या खोलीतून परीक्षित धावत आला. “शुभा, अगं, काय हे? आईशी…”

“तू मध्ये पडू नकोस,” पद्मिनीबाई त्याला म्हणाल्या. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. चार महिन्यांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.