कवळीकाकांचा ठोका

दोन दात पडले की माणसाला देव आठवतो आणि सगळे पडले की कवळीकाका, असं त्या गल्लीत म्हणत. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. खालच्या खोलीत त्यांचा कारखाना होता. तिथे मेण, प्लास्टर, गुलाबी मसाला आणि फळ्यांवर ओळीने मांडलेले लोकांच्या हिरड्यांचे साचे. वरच्या दोन खोल्यांत संसार. अर्धं शहर त्यांनी केलेल्या दातांनी हसायचं आणि उरलेलं त्यांच्यावर हसायचं, कारण दात करणं सोडलं तर या माणसाला दुनियेतलं काही कळत नाही असा सगळ्यांचा समज होता. काकांचे स्वतःचे दात मात्र बत्तीसच्या बत्तीस शाबूत. तोंड उघडायची वेळच फारशी येत नसे, मग ते झिजणार कशाला!

लग्न झालं तेही दातांमुळेच. तयार कवळ्या डबीत घालून ते दंतवैद्याच्या दवाखान्यात पोचवायचे. तिथे टेबलाशी बसणारी बाई डबीचं झाकण उघडून विचारायची, "हे तोंड कुणाचं?"

"भांडखोर माणसाचं. खालचा जबडा बघा, बोलून बोलून झिजलाय."

बाई पदर तोंडाला लावून हसायची. तिचा नवरा एका संध्याकाळी "दिवा गेलाय, नवा घेऊन येतो" म्हणून बाहेर पडला होता तो पडलाच. पुढे कळलं की लांबच्या एका गावी त्याने दुसरा संसार मांडलाय. पदरात चार वर्षांचं पोर. काका लग्न करून तिच्या घरात आले आणि खाली कारखाना मांडला तेव्हा पोर सहाचं झालं होतं. आईने सांगितलं, "यांना काका म्हणायचं," आणि पोराने ते कायमचं लक्षात ठेवलं.

पोराला ते बारक्या म्हणत. हा बारक्या रोज संध्याकाळी खिडकीच्या कट्ट्यावर बसून रस्त्याकडे बघत राही. जेवायला उठत नसे. आईने रागावून पाहिलं, चुचकारून पाहिलं. काकांनी काहीच केलं नाही. घरात नवीन आलेला माणूस, दबकूनच असायचा. ते नुसते त्याच्या शेजारी जाऊन बसले. खिशातून मेणाचा गोळा काढून त्याला मगरीचे दात करून दिले, दुसऱ्या दिवशी हत्तीचे सुळे. बघता बघता ताट कट्ट्यावर आलं, आणि एक घास पोटात, एक रस्त्याकडे असं करत पोरगं जेवायला लागलं. बारक्या ज्याची वाट बघत होता त्याची काकाही मग इमानाने वाट बघत. तो माणूस खरंच उगवला असता तर काकांचं काय झालं असतं, हा विचार त्यांच्या मनात येत नव्हता असं नाही. पण पोराला एकट्याने वाट बघू द्यायची नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

बारक्या कॉलेजात असताना आई गेली. आजार लांबला नाही, तेवढंच तिचं नशीब. मग घरात हे दोघे उरले. नातं रक्ताचं म्हणावं तर नव्हतं आणि कागदावरही कुठे नव्हतं. तरी सकाळी दोन कप चहा व्हायचा आणि एकाने उशीर केला की दुसरा दारात उभा राहायचा.

बारक्या सहा फूट वाढला आणि गिटार वाजवायला लागला. त्याचा, ड्रमवाल्याचा आणि कीबोर्डवालीचा मिळून बँड झाला. ते वाजवायचे ते प्रोग्रेसिव्ह रॉक. म्हणजे काय, हे काकांनी एकदा सरळच विचारलं.

"काका, यात गाण्याला घाई नसते."

हे मात्र पटण्यासारखं होतं. गाणं सुरू झालं की आधण ठेवावं, चहा प्यावा, कप विसळून पालथा घालावा, तरी बारक्याने अजून तोंड उघडलेलं नसे. ताल धरायला जावं तर सातव्या मात्रेवर पाय घसरायचा, आणि सावरतोय तोवर पाच मात्रांचं काहीतरी अंगावर यायचं. सराव कारखान्यातच चाले. त्या दणदणाटात एकदा फळीवरचा एका वकिलाचा जबडा पडून फुटला. वकील आठवडाभर बिनदातांचे, त्यामुळे कोर्टाचं काम म्हणे भराभर उरकलं. काकांनी तो जबडा निमूटपणे पुन्हा केला. कार्यक्रम असला की प्लास्टरची पोती वाहायच्या गाडीत ते ड्रम आणि पेट्या भरत, गाडी चालवत आणि मागे भिंतीला टेकून उभे राहत.

शेवटी पहिल्या अल्बमचं ठरलं. चारच गाणी, पण मिळून जवळजवळ तासभर, आणि चारही गाण्यांत एकच गोष्ट.

"कसली रे गोष्ट?" काकांनी विचारलं.

"आपल्या घराची," बारक्या म्हणाला.

तो 'आपल्या' काकांनी दिवसभर जिभेवर घोळवला. त्या दिवशी एका कवळीला पॉलिश करता करता त्यांनी ती इतकी चकचकीत केली की दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पेशंट अंधारात हसला तर लोक घाबरतील.

त्यात आणखी एक झालं. बारक्या माइक घेऊन कारखान्यात आला. "काका, तुमचा तो साचा फोडायचा आवाज हवाय." कवळी शिजून निघाली की भोवतीचं प्लास्टर छोट्या हातोडीने फोडावं लागतं. दोन ठोके मारायचे, थांबून बघायचं, मग एक. घाई केली तर दातच तुटतो. काका तीस वर्षं तसंच करत आले होते. बारक्याने माइक धरला, डोळे मिटले, आणि चार साचे फुटेपर्यंत हलला नाही.

काकांना मग राहवेना. दवाखान्यात सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, मापाला तोंड उघडून बसलेल्या, म्हणजे पळून जाऊ न शकणाऱ्या गिऱ्हाइकांना तर हमखास सांगितलं: "मुलाचा अल्बम येतोय. आमच्या घराची गोष्ट आहे. मीसुद्धा आहे त्यात." अल्बमचं नाव 'तो येईपर्यंत' आहे हे कळल्यावर त्यांनी स्वतःची समजूत घातली की नावात काय, आत तर आपण असूच. नवा शर्ट शिवायला टाकला.

अल्बम पहिल्यांदा ऐकवायचा कार्यक्रम एका लहानशा हॉलमध्ये होता. दिवे मंद केले. आधी पूर्ण अल्बम लावायचा, मग बोलायचं असं ठरलं होतं. बारक्याने काकांना आग्रह करून पहिल्या रांगेत बसवलं.

पहिलं गाणं दिवा आणायला गेलेल्या माणसाचं. काकांना ते अपेक्षित होतं. गोष्ट तिथूनच सुरू होणार. दुसरं आईचं. दवाखान्याचं टेबल आलं, फोनची घंटा आली, तिचं रात्रीचं जागणं आलं. आता दार उघडेल आणि डबी घेतलेला कुणीतरी आत येईल, म्हणून काका खुर्चीत पुढे सरकून बसले. गिटार वर चढली, उतरली, ताल दोनदा बदलला, आणि दार न उघडताच गाणं संपलं. तिसरं खिडकीचं. कट्टा, रस्ता, उतरती उन्हं, आणि कट्ट्यावर एक मुलगा. एकटा. तो 'एकटा' बारक्या इतका लांबवून गायला की मागे कुणीतरी नाक ओढलं. काकांना वाटलं, अरे, मी होतो की तिथे. मगरीचे दात करत बसलो होतो. 

चौथं गाणं सगळ्यात लांब. सुरुवातीला सगळी वाद्यं गप्प. मग दोन ठोके. थांबा. एक ठोका.

काकांनी आपला हात लगेच ओळखला. आलो एकदाचा, असं त्यांना वाटलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. ठोके जवळ येत गेले. कीबोर्डवालीने त्याखाली एक लांब सूर धरला. आणि बारक्या हळू गायला लागला की जिना वाजतोय, कुणीतरी चढतंय, मधल्या पायरीवर थांबतंय, दार वाजवू की नको विचार करतंय. बाबा, ही तुमचीच पावलं, मी झोपेत पण ओळखीन.

काका तसेच बसून राहिले. हॉलमधले लोक रडत होते आणि त्यात वावगं काही नव्हतं, गाणं खरोखरच तसं झालं होतं. पोराने आयुष्यभर ज्या पावलांची वाट पाहिली ती त्याला कुठे मिळाली नव्हती, म्हणून त्याने काकांच्या हातातून उचलली होती. काकांचं काळीज तुटलं. आपण या घरात आहोत की नाही, असं त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं, आणि आता उत्तर सगळ्यांसमोर मोठ्याने वाजत होतं.

कार्यक्रम संपल्यावर बारक्याला गराडा पडला. एका बाईंनी डोळे पुसत काकांना विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

"मी सामान आणलंय," काका म्हणाले आणि ड्रम उचलायला गेले.

परत येताना गाडीत दोघेच होते.  काका थट्टेच्या सुरात म्हणाले, "काय रे, माझ्यावर नाही केलंस एखादं?"

बारक्या मोकळेपणाने हसला. "तुमच्यावर काय करणार, काका? तुम्ही कधी कुठे गेलात का? तुम्ही तर होतातच."

त्याच्या बोलण्यात माया होती, म्हणूनच ते जास्त लागलं. रागावायलासुद्धा जागा नव्हती. आयुष्यभर हाच तर त्यांनी प्रयत्न केला होता, की याला आपली उणीव भासू नये.

आठवड्याभराने बारक्याने अल्बमची एक सीडी त्यांच्यासमोर ठेवली. "काका, त्यांचा पत्ता मिळालाय. पोस्टाने टाकायचं मन होत नाही. आणि मी गेलो तर... मला नाही जमणार. तुम्ही द्याल नेऊन?"

दुसऱ्या कुणाला सांग, असं म्हणता आलं असतं. काका म्हणाले, "देतो की. त्यात काय."

बस बदलत बदलत ते दुपारी त्या गावी पोचले. तिसऱ्या मजल्यावर दार होतं. उघडलं ते बनियन घातलेल्या, पोट सुटलेल्या माणसाने. आत टीव्ही लावलेला. बारक्याचं कपाळ तिथे जसंच्या तसं होतं.  काकांनी दोन वाक्यांत कोण, कशासाठी ते सांगितलं.

माणसाने आधी वळून घरात पाहिलं, मग दार ओढून घेत बाहेर आला. "हळू बोला. इथे कुणाला माहीत नाही."

"फक्त ऐका एकदा. तुमच्यावरच केलंय त्याने."

"माझ्यावर? कशाला?" माणसाने सीडी उलटसुलट करून पाहिली. "मला नाही कळत असलं. बरा आहे ना तो? झालं तर मग. हे घेऊन जा, उगाच घरात प्रश्न नको. आणि हो, पुन्हा येऊ नका." दार लागलं. आतून कुणीतरी विचारलं कोण होतं, आणि तो म्हणाला, "विक्रीवाला."

काका जिना उतरले. संतापाने त्यांना काही सुचेना. हे जसंच्या तसं घरी सांगायचं, एक शब्द कमी नाही, असं त्यांनी बसमध्ये बसल्या बसल्या ठरवलं. ऐक बाबा, तुझ्या दिव्यावाल्याची गोष्ट. मग बघू कोण कुणाची पावलं ओळखतो ते. तिथपर्यंत सगळं ठीक होतं. पण गल्ली जवळ आली तसतसं त्यांना खिडकीतलं सहा वर्षांचं तोंड दिसायला लागलं. त्यांनी आधी कारखाना उघडला, सीडी साच्यांच्या फळीमागे सरकवली, आणि मग वर गेले.

बारक्या दारातच उभा होता. "भेटले?"

"भेटले."

"ऐकलं त्यांनी?"

काकांनी चपला काढायला वेळ लावला. "ऐकलं. सगळं. माझ्यासमोरच लावलं. खुर्चीत पुढे सरकून बसले होते. शेवटच्याला डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या."

"काही म्हणाले?"

"म्हणाले..." काकांचा आवाज चिरकला, पण त्यांनी तो सावरला. "म्हणाले, पोरगं माझं आहे असं म्हणायचा मला हक्क नाही. पण माझंच आहे ते. त्याला सांगू नका, म्हणाले, पण रोज संध्याकाळी मीही त्याच्याबरोबर खिडकीशी असतो."

सहा फुटांचा बारक्या एकदम खाली वाकला आणि त्याने काकांच्या खांद्यात तोंड खुपसलं. लहानपणीसुद्धा तो असा कधी रडला नव्हता. "बाबा," तो म्हणाला. मग पुन्हा, "बाबा, बाबा," रडत रडत, काकांचा नवा शर्ट मुठीत धरून.

काकांनी 'ओ' दिली नाही. हाक त्यांना नव्हती. ते त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले.