मापाचे बारा ब्लाऊज

"कारीगर म्हनलं तं काय गाली देली का मी? सगळे बुटीकवाले असंच बोलतात, मम्मी!" साक्षी मोबाइल हातात नाचवत म्हणाली.

"गाली नाई देली. नाव खाल्लं," पंचशीला म्हणाली. "लाव पुन्हा तो व्हिडिओ. यायले बी आयकू दे."

'यायले' म्हणजे तिच्या नवऱ्याला, हरिदासला. तो पोह्याची बशी घेऊन पलंगावर बसला होता आणि सकाळीसकाळी सासू-सुनेत साक्षीदार व्हायची त्याची मुळीच इच्छा नव्हती. मुलगा आदेश दारात उभा राहून गाडीची किल्ली शोधत होता. खरं म्हणजे ती त्याच्या हातातच होती.

साक्षीनं तणतणत व्हिडिओ लावला. त्यात ती स्वतःच समोरच्या खोलीत उभी होती, अंगात शेवाळी रंगाची जोडी. वरचा कुर्ता आणि खालचा पायजमा एकाच कापडाचे. ती गोड हसून सांगत होती, "पन्नाशीच्या पुढच्या माझ्या सगळ्या ताई-मावशींसाठी, मी स्वतः डिझाइन केलेले, स्वतः कटिंग केलेले को-ऑर्ड सेट! शिलाईला आमच्याकडे एक म्हातारी कारीगर आहे, हात एकदम साफ."

तिच्या मागं, चित्राच्या कडेला, आतल्या दारातून मशीनवर वाकलेली एक पाठ दिसत होती. डोकं चौकटीत आलंच नव्हतं.

"अवं, धंदा तं आपल्याच घरात येऊन राह्यला ना," हरिदास म्हणाला. "सुनेचं नाव काय नि तुहं नाव काय."

"मंग तुमच्या पेन्शनवर घाला तिचं नाव."

हरिदासनं पोह्यात लिंबू पिळलं आणि मान खाली घातली.

"आई, सोड ना," आदेश म्हणाला. "व्हिडिओच आहे. चार दिवसांनी कोनी पाहत बी नाई."

"साडेनऊशे लोकायनं पाह्यला. मले कमलानं दाखवला. म्हने, पंचशीला, तुह्या घरी कोन म्हातारी ठेवली व शिलाईले?"

आदेशला किल्ली सापडली.

पंचशीला छप्पन्न वर्षांची. माहेर धानोऱ्याकडचं. गडचिरोलीत मावशीकडं राहून शिवणवर्ग केला आणि लग्न होऊन चंद्रपूरला आली ती मशीन घेऊनच. हरिदास कोळशाच्या खाणीत, आठवड्याला पाळी बदलायची. तो झोपला की मशीनचा आवाज नको म्हणून तिनं ते मागच्या खोलीत नेलं, आणि तिथंच तीस वर्षं शाळेचे गणवेश, ब्लाऊज आणि परकर शिवले.

जोडीचा शोध तिला गुडघ्यानं लावून दिला. पाच वर्षांपूर्वी बसच्या पायरीवर साडीत पाय अडकून ती पडली. घरी आली, पेटीतली एक सुती साडी काढली, तिचाच कुर्ता केला आणि तिचाच पायजमा. ते घालून बाजारात गेली, तर तिची मैत्रीण कमलानं भाजीच्या पालावरच तिचा हात धरला. "असंच मले पाह्यजे."

पन्नाशीनंतर बाईचं अंग कुठं जातं, हे पंचशीलाला ठाऊक होतं. खांदे पुढं येतात, म्हणून पाठ एक बोट लांब ठेवायची. पोट कुर्ता वर उचलतं, म्हणून पुढूनही थोडा उतार द्यायचा. पायजम्याला इलास्टिक फक्त मागं, पुढून सपाट पट्टी. बाही कोपराखाली चार बोटं. खिसा असा, की मोबाइल आणि चष्मा दोन्ही मावले पाहिजेत. आरशासमोर बाईला उभी करून ती सांगायची, "वर फुलं नि खाली पट्टे नोको घालू, मंधातून कापल्यावानी दिसशीन. एकच रंग गळ्यापासून पायापर्यंत जाऊ दे. ओढनी नोको. गळ्यात एक लांब माळ, बस. नि चप्पल जरा बरी घाल, बाई."

दोन वर्षांपूर्वी साक्षी सून म्हणून आली. बल्लारपूरची, बी.कॉम. केलेली, चटपटीत. समोरच्या खोलीत तिनं आरसा लावला, दिवे लावले, बाहेर 'साक्षी डिझायनर स्टुडिओ' अशी पाटी लावली. गिऱ्हाईक वाढलं, हे पंचशीलाही नाकारत नव्हती. फक्त पाटी लावताना कुणी तिला विचारलं नाही, आणि तिनंही तेव्हा तोंड उघडलं नाही. ते आता तिला टोचत होतं.

त्याच आठवड्यात बुद्धविहारातल्या महिला मंडळाचं काम आलं. ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दोन दिवस गर्दी असते, आणि मंडळाच्या बारा जणी दरवर्षी भोजनदानाला उभ्या राहतात. पांढरी साडी, निळा काठ. यंदा अध्यक्ष गौतमीबाईंनी ठरवलं, की दिवसभर वाढायचं तर साडी सावरत कोण बसणार? पांढरी जोडी शिवू, गळ्याला नि बाहीला निळी पट्टी. विहारात यावर दोन रविवार वाद झाला. शेवटी गौतमीबाई म्हणाल्या, "बाबासाहेबानं पांढरं घालाले सांगतलं, नेसाले नाई सांगतलं." तिथं विषय संपला.

बाराही जणींनी मापाला ब्लाऊज आणून दिले.

या भागातली बाई वय विचारलं तर सांगेल, पण चारचौघींत छातीला टेप लावू देणार नाही. पिशवीतून ब्लाऊज काढते आणि म्हणते, या मापाचं शिव. तो ब्लाऊज तिच्या सगळ्यात बऱ्या वर्षातला असतो. कुणाचा पोराच्या लग्नातला, कुणाचा थायरॉईड व्हायच्या आधीचा. पंचशीला तो ठेवून घ्यायची, मान हलवायची, आणि बाई दारातून परत जाताना तिच्या पाठीकडं एकदा बघायची. तेच खरं माप. घरी गेलेल्या बाईला वाटायचं, आपण अजून तेवढ्याच आहोत. तीस वर्षांत हे गुपित तिनं कुणाला सांगितलं नाही. साक्षीनं कधी विचारलं नाही.

साक्षीनं बाराही ब्लाऊज टेबलावर पसरले, टेप लावली आणि वहीत लिहून काढलं. छाती, खांदा, दंड. वही सासूच्या पुढ्यात ठेवली.

पंचशीलानं चष्मा लावून पान वाचलं. "हे माप एक डाव पाह्यशीन का?"

"मम्मी," साक्षी म्हणाली. व्हिडिओवरच्या भांडणाचा फणकारा अजून उतरला नव्हता. "तुमी फक्त कापून शिवा. विचार करायचं काम माझं."

"बरं," पंचशीला म्हणाली.

तीन दिवस तिनं ते बारा कुर्ते कापले. सकाळच्या उजेडात, जमिनीवर चादर अंथरून, वहीत लिहिलं होतं त्या मापानं. एक सूत इकडं नाही की तिकडं नाही. पायजमे नेहमीसारखे केले, त्यांचा काही दोष नव्हता. इतकं मन लावून तिनं आयुष्यात कधी चूक केली नव्हती. कापड बायांच्या घामाच्या पैशाचं होतं, म्हणून प्रत्येक शिलाईच्या आत दोन बोटं जास्तीचं ठेवून ते दुमडून टाकलं. कापड वाया जाणार नव्हतं. वाया जायचं होतं ते दुसरंच.

कमलाचा ब्लाऊज हातात आला तेव्हा कात्री थांबली. चौदा वर्षांपूर्वीचा तो, तिनंच शिवलेला. कमलाला तरी वेगळं द्यावं का? पण अकरा जणींना आवळ आणि एकीला बरोबर, म्हणजे सगळं उघडं पडणार. तिनं कात्री चालवली. वाईट वाटलं, पण हात थांबला नाही.

कार्यक्रमाला आठ दिवस होते तेव्हा साक्षीनं बारा जणींना बोलावलं. मोबाइल सेल्फीच्या काडीवर लावून ठेवला. सगळ्या तयार होऊन एका रांगेत पडद्यामागून येणार, आणि साक्षी प्रत्येकीच्या गळ्यात माळ घालणार, असा व्हिडिओ ठरला होता. पंचशीला आतल्या दारात तांदूळ निवडत बसली.

पडद्यामागं आधी खुसखुस झाली. मग गौतमीबाईंचा आवाज आला. कापडाच्या आतून.

"अवं ओढा व कोनी! अडकली म्या!"

दोघींनी धरून त्यांना बाहेर आणलं. दोन्ही हात वर, तोंड कुर्त्यात, पोट उघडं. दुसरीची बाही दंडावर अडकली होती. तिसरीचा कुर्ता गेला खरा, पण ती श्वास घेत नव्हती.

"याले को-ऑर्ड म्हन्ते का? मले तं उशीची खोळ वाटून राह्यली."

"हात खालीच ठेवन म्या. लोकायले वरन कोन वाढन?"

"साक्षी, तो मोबाइल बंद कर आधी!"

साक्षीचा चेहरा त्या कापडासारखा झाला. तिनं मोबाइल बंद केला आणि वळून आतल्या दाराकडं बोट दाखवलं. "कटिंग मम्मीनं केलं. मी नाई केलं."

गौतमीबाईंचं डोकं तेवढ्यात बाहेर आलं. केस विस्कटलेले, पण आवाज अध्यक्षाचा. "काऊन? व्हिडिओत तं तू म्हनत होती, कटिंग म्या स्वतः करतो. आमी तुह्याच नावानं काम देलं."

"ते... तसं म्हनावं लागते, मावशी."

"मंग हे बी तुलेच लागलं."

साक्षी धावत जाऊन वही घेऊन आली. पंचशीला उठली, हात पदराला पुसले आणि साक्षीच्याच टेपनं एक कुर्ता सगळ्यांसमोर मोजला. वहीत जे होतं तेच निघालं. दुसरा मोजला. तेच.

"अक्षर कोनाचं आहे?" तिनं विचारलं.

साक्षीनं वही मिटली. तिच्या डोळ्यात पाणी आलं. पंचशीलानं ते बघितलं आणि तिला बरं वाटलं. अगदी पोटापर्यंत बरं वाटलं.

बाया कुरकुरत निघाल्या. कमला मात्र पायरीवर थांबली. तिनं कुर्ता उलटा करून आतली दुमड बोटांनी चाचपली होती.

"तीस वर्सं तुह्या डोयानं चूक नाई केली," ती हळूच म्हणाली. "सुनेले माराचं होतं तं मले काऊन मारलं मंधात? साऱ्यायसमोर पोट उघडं पडलं माहं."

"चुकलं व बाई."

"चुकलं म्हनते! मुद्दाम केलं ना?"

"मुद्दाम केलं."

कमलानं तिच्याकडं बघितलं. "मंग म्या तुह्या भांडनात मार खाल्लाच आहे तं ते पुरं तरी कर," ती म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी दिवा लागायच्या सुमाराला चौघं समोरच्या खोलीत होते. बारा पांढरे कुर्ते खुर्च्यांवर पडले होते.

"आई, तुले मालूम होतं?" आदेशनं विचारलं.

"होतं."

"या वयात सूड, आदेशची आई?" हरिदास म्हणाला. "आपल्याच घरात?"

"दुसऱ्याच्या घरात माह्यावर कोनी सूड घ्याची पाळी आनली नाई."

साक्षीनं नाक पुसलं. "मी नवा व्हिडिओ टाकते, मम्मी. तुमचं नाव घेते. तुमाले समोर उभं करते. फक्त हे बारा दुरुस्त करून द्या."

आदेशनं आशेनं आईकडं बघितलं. हरिदासनंही. भांडण मिटलं असं त्या दोघांना वाटलं.

पंचशीलानं कुर्ते एकेक करून घडी घातले, पिशवीत भरले आणि पिशवीची गाठ मारली.

"उद्यापासून म्या कमलाच्या ओसरीत बसन," ती म्हणाली. "तिले म्या इचारून आली. आदेश, सकाळी कामावर जाच्या आधी मशीन तिथी नेऊन ठेव. हे बारा तिथी सैल होतीन, नि पुढच्या जोड्या बी तिथीच शिवीन. ही खोली, आरसा, पाटी साक्षीची. तिचं तिनं कापावं, तिचं तिनं शिवावं. सकाळचा सैपाक करून जाईन. संध्याकाळचा आता साक्षी करन. सात वाजता येईन म्या."