सिमेंटच्या पट्टीकाठची खुर्ची

उस्ताद हणमंतराव निकम यांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते झोपले आहेत असे मला वाटले. कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे त्यांची अश्वारोहण शाळा आहे. रविवारच्या पुरवणीत तिच्यावर लिहायचे म्हणून मी एका सकाळी तिथे गेलो होतो. फाटकाजवळ सिमेंटची लांब पट्टी, तिच्या काठी लोखंडी खुर्ची आणि खुर्चीत डोळे मिटून बसलेले उस्ताद. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार बबन म्हात्रे एकेक घोडा पट्टीवरून दुडक्या चालीने नेऊन परत आणत होते. मी त्यांना म्हणालो, "साहेब उठले की सांगा."

"झोपलं नाय ते," बबन म्हणाले. "ऐकतान."

"काय ऐकतात?"

"पाय."

घोडा दुडकताना टापा सारख्या अंतराने आणि सारख्या जोराने पडायला हव्यात. पाय दुखत असेल तर घोडा तो हलका टाकतो, आणि डोळ्यांना दिसण्याआधी ते कानांना कळते, अशी उस्तादांची धारणा आहे. घोडा गेला की ते 'ठीक' म्हणतात, नाहीतर 'सुट्टी'. सुट्टीच्या घोड्यावर त्या दिवशी कोणी बसत नाही. मी तासभर उभा राहिलो. मला फक्त मागे सरकणारे ट्रेलर ऐकू आले. दुपारी मात्र सगळे कळल्यासारखा लेख लिहून वेळेत दिला.

माण भागातल्या एका खेड्यातून उस्ताद सैन्याच्या घोडदळात गेले आणि तिथेच शिक्षक झाले. निवृत्तीनंतर त्यांनी भाड्याच्या जागेत तीन घोड्यांवर ही शाळा उभी केली. नवीन विद्यार्थ्याला पहिला महिना फक्त घोड्याचे अंग घासून खरारा करायचा असतो. ऐरोलीच्या एका संगणक अभियंत्याने त्यांना विचारले होते, "सर, बसायचं कधी?"

"घोड्यानं तुमाला वळखल्यावर."

"अंदाजे किती दिवस लागतील?"

"त्यालाच इचारा की."

माझी मुलगी अनघा हा महिना पुरा करून त्यांची विद्यार्थिनी झाली. सतरा वर्षांची असताना राज्य स्पर्धेसाठी तिची निवड झाली. वयोगटाप्रमाणे ती तिची शेवटची संधी होती. निघायच्या सकाळी तिचा घोडा, खजूर, पट्टीवरून गेला आणि उस्ताद म्हणाले, "सुट्टी." घोड्यांच्या डॉक्टरांनी चारही पाय दाबून, वाकवून पाहिले. दोष सापडला नाही. मी बराच वाद घातला.

"डॉक्टरसायबांचं बरुबर असंल," उस्ताद म्हणाले. "माजंच चुकत असंल. पर घोडा गाडीत चढनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी खजूर व्यवस्थित दुडकला. विश्रांतीमुळे बरा झाला, की मुळात त्याला काही झालेच नव्हते? हे मला आजही माहीत नाही. उस्तादांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवलेखात अशी शंका ठेवावी का, हेही मला ठरवता आलेले नाही.

सुट्टी दिली त्याच संध्याकाळी मात्र उस्ताद बसने नेरूळला आमच्या घरी आले. अनघा खोलीतून बाहेर येईना, म्हणून ते दाराशी स्टूल घेऊन बसले आणि बंद दाराशी बोलले. "बाळ, तुजी स्पर्धा मी काडून घेतली, खजूरनं न्हाई. राग माज्यावर धर. उद्या त्याला खरारा करताना हात जड पडू देऊ नगंस." चहा न घेता ते गेले. सकाळी अनघा माझ्याआधी तयार होती.

आज ती त्याच शाळेत शिकवते. या लेखासाठी गेल्या महिन्यात मी पुन्हा पट्टीवर गेलो. खुर्ची तीच, मिटलेले डोळे तेच. शेवंती नावाची घोडी गेली. उस्ताद म्हणाले, "ठीक." खुर्चीमागे उभ्या अनघाने बबनना हाताने खूण केली आणि त्यांनी शेवंतीला परत तबेल्यात नेऊन बांधले. मी गोंधळलो. घरी तिने सांगितले, "बाबा, उस्तादांना ऐकू कमी येतंय. कित्येक महिने झाले. वर्गात लहान मुलं असतात, मी चान्स घेऊ शकत नाही. पण हे त्यांना कळलं तर ते खुर्ची सोडतील. लेखात घालू नका, प्लीज."

मी घालणार नव्हतो. पण जुन्या नोकरीचे तपशील विचारायला गेलो तेव्हा उस्तादांनीच विषय काढला.

"पोरगी मागनं सुट्ट्या देती. मला ठावं न्हाई असं वाटतंय व्हय तुमाला? मी ठीक म्हनलेली जनावरं दुपारी तबेल्यात दिसत्यात की."

"मग तुम्ही बोलत का नाही?"

"मी ठीक म्हनल्यावर सुट्टी म्हनायला छाती लागती. ती खुनेनं म्हनती. तोंडानं कवा म्हनती त्याची वाट बघतोय."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम चुकता?"

ते हसले. "कदी मुद्दाम, कदी खरंच. आता माजं मलाबी कळंना. लिवा, तसंच लिवा."

मी लिहिले आणि आधी अनघाला वाचायला दिले. दुसऱ्या सकाळी मी तिच्याबरोबर गेलो. शेवंती गेली. "ठीक," उस्ताद म्हणाले.

"सुट्टी, उस्ताद," अनघा मोठ्याने म्हणाली. "पुढचा उजवा."

उस्तादांनी डोळे उघडले, खुर्चीचे हात धरून उठले आणि तिला म्हणाले, "बस." ती बसेना, तेव्हा बबनच म्हणाले, "बस गो, घोरं खोलंबल्यान." ती बसली. तिने डोळे मिटले. उस्ताद मागे उभे राहिले, जिथे इतके दिवस ती उभी असायची.

परतताना मी तिला खजूरबद्दल विचारले. ती म्हणाली, "आता ती सकाळ आठवली की त्याचा एक पाय हलका वाजतो. पण तो तेव्हाही वाजला होता, की मला आता तसं ऐकायची सवय झालीय, सांगता येत नाही."

पंचाहत्तरीनिमित्त उस्तादांना आम्हां सर्वांच्या वतीने निरामय दीर्घायुष्य चिंतितो. बबननी पट्टीकाठी दुसरी खुर्ची आणून ठेवली आहे. उस्ताद अजून तिच्यावर बसलेले नाहीत. त्यांनी बसावे आणि पुष्कळ वर्षे, कान साथ देतील तेवढे, ऐकत राहावे.